पलीकडे माहेर

आमच्या चाळीसमोरून जातो तो रस्ता कागदोपत्री राज्य महामार्ग आहे. हसू नका. पुलावरून उतरतो आणि नाक्यावर संपतो, एवढासा. बसमध्ये सुटे पैसे शोधेपर्यंत पार होतो. पण महामार्ग! त्यामुळे झालंय काय, खड्डा पडला की एक हापिसवाला म्हणतो रस्ता आमचा नाही, वरच्यांचा. वरचे म्हणतात आमचं फक्त डांबर, दिवे त्यांचे, सिग्नल तिसऱ्यांचे. आणि मधोमध जे लोखंडी रेलिंग उभं आहे ते नक्की कोणाच्या बापाचं, हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही.

मला सांगायचंय ते कौसल्यावयनीबद्दल, पण हा रस्ता सोडून तिच्याबद्दल काही सांगताच येत नाही.

कौसल्या बुधाजी घाडी. तिसऱ्या मजल्यावर माझ्या शेजारची खोली. मी लग्न होऊन लालबागला आले तेव्हा मला चुलीवरचं सुद्धा धड जमत नव्हतं, स्टोव्ह तर लांबच. तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करायला हिने शिकवलं, आणि माझी सासू बोलायला लागली की मधल्या भिंतीवर थापा मारून तिला गप्प करणारी पण हीच. तिचं माहेर कुठे, तर समोरच्या चाळीत. रस्त्याच्या ह्या बाजूला सासर, त्या बाजूला माहेर. तिच्या लग्नात म्हणे ताशेवाल्यांनी हात सैल करेपर्यंत नवरी घरी पोचलीसुद्धा होती. सासू सगळ्यांना सांगायची, "ह्या सुनेक म्हायेराक धाडूचा म्हणजे काय, दार उघडा ठेवला की झाला."

आणि खरंच तसं होतं. रस्ता होता, पण आमच्या मधे येत नव्हता. गिरणीची पाळी सुटली की माणसंच माणसं, गाडीवालाच हॉर्न न वाजवता थांबायचा. वयनी दिवसातून चार वेळा ओलांडायची. आईला कालवण दे, तिकडून पापड आण, भांडण झालं की रुसून जा, राग गेला की परत ये. बुधाजीभावोजी गेले, तिची आई गेली, भावजयी-भाचे कोणी नव्हतेच. माहेर म्हणून शेवटी एकच माणूस उरला, तिचा मोठा भाऊ. अण्णा.

अण्णाने लग्न केलं नाही. मुली बघता बघता गिरणीचा संप आला आणि संपाचं काही ठरेपर्यंत ह्याचं वय गेलं. मग दादरला कापडाच्या दुकानात आयुष्य काढलं. वागायला एकदम टापटीप. घरात बसायचं असलं तरी शर्ट इस्त्रीचा. जिभेचा मात्र तिखट. बहिणीने आयतं ताट वाढलं तरी "आज मीठ मोजून घातलंस वाटता, दुकानात संपला काय?" असं म्हटल्याशिवाय घास तोंडात जात नसे. ती म्हणायची, "मेल्या, उद्यापासून हाटेलात जा." दुसऱ्या दिवशी हिचा डबा वेळेवर हजर.

चार वर्षांपूर्वी अण्णाची डावी बाजू गेली. साखर आधीपासून होतीच, ती वाढली. दुपारी जेवायच्या आधी पोटात इन्सुलिनची सुई टोचायची, आणि डॉक्टरने बजावलं होतं की टोचल्या टोचल्या ताट समोर पाहिजे. उशीर झाला तर माणूस बसल्या जागी जाईल, असं स्वच्छ सांगितलं होतं.

मग त्याला इकडेच आणायचं ना, असं तुम्ही म्हणाल. आम्हीपण म्हटलं. पण समोरच्या चाळीचा रीडेव्हलपमेंटचा सर्व्हे चालू होता. सर्व्हेवाल्याला खोली दोनदा बंद दिसली की तो 'बंद' लिहितो, आणि मग हक्क शाबीत करायला जन्म जातो. अण्णा म्हणाला, आईबापाची खोली मी मेल्यावरच सोडेन. त्यात आणखी, बहिणीच्या घरी जेवायला जाईन, राहायला नाही, हा कोकणी ताठा होताच. वयनीने तिथे जाऊन राहावं तर तिच्या खोलीचंही तेच रडगाणं, आमच्या चाळीचापण नंबर लागलेला. मुलगा अभय बदलापूरला, त्याची शिफ्ट, त्याचा संसार. तेव्हा दोन टोकांना दोन म्हातारी माणसं, आपापली खोली धरून.

त्यांनी त्यातून एक सोय काढली होती. अण्णाची खिडकी आमच्या गॅलरीच्या अगदी समोर. डबा भरून झाला की वयनी गॅलरीत उभी राहून पिशवी हलवायची. पिशवी दिसली की अण्णा सुई टोचून घ्यायचा. ती जिना उतरून, रस्ता ओलांडून, त्याचा जिना चढून वर जाईपर्यंत ह्याचं आटोपलेलं असायचं आणि शर्टाची बटणं लागलेली असायची. बहिणीसमोर पोट उघडं टाकून बसायचं नाही, हा त्याचा हट्ट. पक्षाघात झालेला माणूस, पण लाज सोडायला तयार नाही. वयनी वैतागायची आणि मग मला म्हणायची, "लहानपणापासून असोच आसा गो."

तोवर रस्त्याच्या मधे रेलिंग आलं होतं. पूल झाल्यापासून गाड्या वरून अशा सुटतात की माणूस दिसतच नाही त्यांना, तेव्हा रेलिंग नको होतं असं मी म्हणत नाही. पण मग ओलांडायला कुठेतरी जागा ठेवाल की नाही? सिग्नल पार नाक्यावर. म्हणजे आधी तिथवर जा, मग तेवढंच परत या. गुडघे गेलेल्या बाईला ते अंतर म्हणजे अर्धा दिवसच. सुदैवाने आमच्यासमोरच एक गज कोणीतरी वाकवून ठेवलेला होता. सगळी चाळ त्यातून जायची. वयनी आधी पिशवी पलीकडे टेकवायची, मग पदर खोचायचा, मग एक पाय.

आणि एका हरामखोराने तिचा व्हिडिओ काढला.

बसमधून काढला असणार. खाली गाणं, वर लिहिलेलं 'स्पायडर आजी'. लाखो लोकांनी बघितला. कोणी हसलं, कोणी लिहिलं की अशा लोकांमुळेच अपघात होतात, ह्यांना आत टाका. ती कुठे चालली होती, पिशवीत काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. आठवड्याच्या आत वेल्डिंगवाले आले. पंधरा वर्षं ज्या रस्त्याचा कोणी मालक नव्हता, त्याला एका व्हिडिओने मालक मिळाला. गज सरळ करून वर आणखी एक आडवी पट्टी मारून गेले.

त्यानंतर वयनी सिग्नलवरून जायला लागली. पिशवी हलवायची पद्धत बंद. ती पोचली की अण्णा तिला बाहेर गॅलरीत उभी करायचा, पाठ फिरवून, आणि मग सुई घ्यायचा. जेवण गार झालेलं असायचं. तो म्हणायचा, "कालवण बर्फात ठेवून आणलंस काय?" आणि ती ऊन खाऊन लाल झालेली, धापा टाकत खुर्चीत. एकदा नाक्यावर चक्कर येऊन पडली. कोपर फुटलं. मी म्हटलं, वयनी, अर्ज करूया.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडे अर्ज कोणी करत नाही. नळाला पाणी नाही, मंडळाला सांगा. पोराची ॲडमिशन, मंडळाला सांगा. नवरा मारतो, तेसुद्धा मंडळाला सांगा. हापिसात आपल्याला ओळखतंय कोण? मंडळात सगळी आपलीच पोरं. वयनी म्हणाली, "अर्ज नि बिर्ज नको. विक्रांताक सांगतंय."

विक्रांत मंडळाचा अध्यक्ष. त्याची आई नोकरी करायची तेव्हा शाळेतून येऊन हा वयनीच्याच घरी जेवायचा. भात कालवून भरवलाय तिने त्याला. तो तिला मावशी म्हणतो. त्याने ऐकलं, तिचं फुटलेलं कोपर बघितलं आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "मावशी, गणपतीत आपण रेलिंग काढतोच ना? ह्या वर्षी काढलं की परत लावूच देत नाही. तिथे झेब्रा मारून घेतो. तू माझ्यावर सोड."

हे खरं, की दरवर्षी आमचा गणपती वळायला जागा लागते म्हणून समोरची दोन पॅनलं काढतात. मूर्तीसाठी परवानगी मिळते. बोल्ट सैल करायचे, पॅनल उचलून कडेला ठेवायची, पोरांना दहा मिनिटं लागत नाहीत.

त्या वर्षीपण काढली. आणि ते दिवस वयनीचे, काय सांगू! नवी नवरी माहेरी जावी तशी ती जायची. सकाळी नुसता चहा घेऊन जायची, दुपारी डबा, संध्याकाळी आरतीनंतर प्रसाद. एरवी कोणाला दाखवत नाही, पण गॅलरीत पिशवी हलवताना चक्क हसायची. अण्णाची जुनी पद्धत परत सुरू झाली. पिशवी दिसली की सुई, बटणं, ताट. मोदक त्याला द्यायचा नाही म्हणून भांडण. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते तर अण्णा मला म्हणाला, "उर्मिला, आमचा म्हायेर परत मिळाला गो." मला वाटलं तो बहिणीची चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

पाचव्या दिवशी मंडळाने वयनीचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, 'जिद्दी ज्येष्ठ नागरिक' असं लिहिलेली ट्रॉफी. मोठ्या पडद्यावर तोच व्हिडिओ लावला, गाण्यासकट. विक्रांत माईकवर म्हणाला, "आमच्या मावशीची वाट आता कोणीही अडवणार नाही, हा शब्द आहे मंडळाचा." काय टाळ्या पडल्या! मीपण वाजवल्या. वयनीने खाली येऊन शाल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, अण्णाची जेवची वेळ झाली."

मग विसर्जन. लालबागचं विसर्जन म्हणजे तुम्हाला माहीत आहे. रात्र जागायची, दुसरा दिवस उभ्याने काढायचा, गणपती समुद्रात गेला की पोरं परत येऊन जिथे जागा मिळेल तिथे आडवी होतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लालबाग झोपलेलं असतं. दुकानांची शटर खाली, गॅलऱ्यांत माणूस नाही. मीसुद्धा झोपले होते.

त्याच पहाटे केव्हातरी रेलिंग लावून गेले. जुनी पॅनलं नाहीत. नवी, उंच, आणि त्यांच्यावर पत्र्याचे बोर्ड. कोणत्यातरी टॉवरची जाहिरात, पोहायच्या तलावात हसणारं कुटुंब. पुढच्या वर्षीच्या वर्गणीतला मोठा आकडा तो टॉवरवाला देणार होता, हे मला नंतर कळलं. त्यातून हात घालून पिशवी द्यायलाही फट नाही.

आमच्या गॅलरीतून ते दिसलं नाही. मंडळाची कापडी कमान अजून उतरवलेली नव्हती, रस्त्याचा मधला भाग तिच्याआड होता. दिसत होती फक्त समोरची खिडकी, आणि तिच्यात अण्णा. वयनीने डबा भरला. पिशवी हलवली. त्याने हात वर केला, म्हणजे बघितलं, टोचतो.

पुढचं तिने मला जसं सांगितलं तसं सांगते. खाली उतरली, कमानीतून बाहेर आली आणि समोर ते पोहणारं कुटुंब. ती म्हणाली, माका वाटला मी चुकीच्या जागेर इलंय. मग ओरडली, "अण्णा, साखर खा! साखर तोंडात टाक!" पुलावरून गाड्या उतरत होत्या, काय ऐकू जाणार? फोन लावला, वाजत राहिला. अण्णा फोन पलंगावर ठेवायचा आणि जेवायला खुर्चीत बसायचा. समोरच्या चाळीत एक-दोघांना लावला, मला लावला, कोणी उचलला नाही. सगळे झोपलेले. एका टॅक्सीला हात केला, ती थांबली नाही. मग पळायला लागली. पळायला म्हणजे, ते गुडघे घेऊन जेवढं होईल तेवढं. नाक्यावर रोषणाईचे ट्रक आडवे लावून माल भरत होते. सिग्नल बंद. हवालदार म्हणाला, आजी, इथून नाही, पुढच्या चौकातून वळून या. तिने त्याला सांगितलं, माझा भाऊ सुई टोचून बसलाय. तो म्हणाला, हो हो, पुढून या.

ती पुढून आली. वर गेली तेव्हा अण्णा खुर्चीतच होता. घामाने शर्ट भिजलेला, सगळी बटणं लावलेली, समोर स्टुलावर रिकामं ताट मांडून ठेवलेलं. तिने त्याच्या दातांमधून साखर घातली, ती बाहेर आली. हॉस्पिटल जवळच, पण तिथे नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

अभय रात्री पोचायचा होता, म्हणून अण्णाला तिथेच ठेवलं आणि वयनीला आम्ही घरी आणली. ती रडली नाही. मी मात्र रात्रभर शिव्या घालत होते, विक्रांतला, त्या हवालदाराला, व्हिडिओवाल्याला, मंडळाला. ती म्हणाली, "झोप गो, तुजा बीपी वाढात."

सकाळी अण्णाला त्याच्या चाळीखाली आणून ठेवलं. आमच्याकडे बहिणीने तोंडात पाणी घातल्याशिवाय भावाला उचलत नाहीत. सगळे तिची वाट बघत थांबले. एवढ्यात विक्रांत वर आला, मागे मंडळाची पोरं. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं. दारातच तिच्या पाया पडला. "मावशी, विसर्जनाच्या गडबडीत राहूनच गेलं गं. सांगणार होतो मी त्यांना. राहून गेलं." मग उठून म्हणाला, "चला. दोन पॅनल काढून घेतलीत. सरळ पलीकडे जाऊ."

मी गॅलरीतून खाली बघितलं. कमान गेली होती. रेलिंगमध्ये मोकळी जागा, दोन बाजूंना पोरं हात पसरून गाड्या थांबवून उभी. पुलापर्यंत रांग लागलेली, कोणाचा हॉर्न नाही. पलीकडे अण्णा.

वयनीने पाण्याचा तांब्या उचलला. म्हणाली, "आता कित्याक?"

"मावशी..."

"मेलेल्याक वाट दिलंस, जित्याक दिलंस नाय." आवाज चढवला नाही तिने. "मी माज्या वाटेन येतंय. त्येका थांबूंदे. रोज थांबायचो."

आणि ती निघाली. खाली उतरून मोकळ्या जागेकडे न बघता डाव्या हाताला वळली, नाक्याकडे. मी तिच्याबरोबर. विक्रांत मोटारसायकल घेऊन बाजूने येत राहिला, "मावशी बस, पाया पडतो, बस गं." तिने मान वळवली नाही. मध्ये दोनदा उभी राहिली, गुडघा धरला, परत चालली. नाक्यावर सिग्नल लाल होता तर लाल सुटेपर्यंत थांबली. त्या बाजूने परत येताना मला समोर माणसं दिसत होती, शंभरएक असतील, उन्हात उभी, कोणी घड्याळ बघत, कोणी डोक्यावर रुमाल. मला बरं वाटलं. खोटं का बोलू, खूप बरं वाटलं. उभे राहा म्हटलं, मेल्यांनो. तिने रोज काय केलं ते एकदा उभं राहून बघा.

तिने अण्णाच्या तोंडात पाणी घातलं. त्याचा शर्ट इस्त्रीचा आहे ना ते बघितलं, कॉलर सारखी केली. मग त्याला उचललं. विक्रांतने खांदा दिला, हमसून हमसून रडत होता. रडू दे.

पुरुष सगळे गेले. आम्ही बायका पाण्याची भांडी आवरून निघालो. रस्त्याशी आलो तर जागा अजून मोकळी होती. मंडळाची दोन पोरं, शिवा आणि आणखी एक, पाना घेऊन रेलिंगपाशी उभी. गाड्या परत हॉर्न मारायला लागल्या होत्या. शिवा म्हणाला, "काकी, जायचं असेल तर जावा पटकन. मग लावतो, वरून फोन येतायत."

चाळीतल्या बाकीच्या बायका भराभर पलीकडे गेल्या. मीपण वयनीचा दंड धरला. "वयनी, चल ना गं. निदान आता तरी. उघडं आहे तोवर जाऊ, घाई कर."

ती तिथेच उभी राहिली. वर अण्णाच्या खिडकीकडे एकदा बघितलं.

"घाई कसली गो उर्मिला?" ती म्हणाली. "आता सुई टोचून कोण बसलेलो नाय."

मग तिने शिवाला हाताने खूण केली, लाव म्हणून, आणि आम्ही दोघी नाक्याकडे चालायला लागलो.